बेंबीवर थांबलेलं बोट

नवरा खापरखेड्याच्या वीजघरात कामावर, सासू लेकीच्या बाळंतपणाला गेलेली. म्हणून जयवंताला सायकलरिक्षात घालून महाल भागातल्या डॉक्टरकडे आणलं ते सासऱ्याने, चंपतरावांनी. माणूस देवासारखा. पण लग्न झाल्यापासून सुनेने त्यांच्यापुढे तोंड उघडलं नव्हतं, आणि त्यांनीही तिला थेट काही विचारलं नव्हतं. घरची रीतच तशी. काय निरोप असेल तो सासूमार्फत.

"कुठे दुखतं?" डॉक्टर कृष्णकांतांनी विचारलं.

"पोटात गोळा येते तिले," चंपतराव म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं. जरा बाहेर बसा."

"बाईमाणसाले एकटं कसं सोडू, डॉक्टरसाहेब?"

आता बोला! सासरा बाहेर जाईना, सून तोंड उघडेना. तपासायच्या बाकावर जयवंता पदराआड घामाने भिजली होती. काल बेंबीपाशी सुरू झालेली कळ आता उजवीकडे, पार खाली उतरली होती.

"बरं, बोलू नका. बोट ठेवून दाखवा."

बोट निघालं. पण सासऱ्यादेखत तिथे, लुगड्याच्या निऱ्यांखाली, हात कसा न्यावा? लाज आडवी आली. बोट बेंबीवरच थांबलं.

डॉक्टरांनी तिथे दाबलं. ती गप्प. त्यांचा हात खाली सरकला तसं तिने लुगडं घट्ट धरलं. चेहरा बघावा तर त्यावर पदर. शेवटी वैतागून, "पित्त दिसतंय," म्हणत त्यांनी पुड्या लिहून दिल्या.

बाकावरून उतरताना अशी कळ आली की जयवंताला दार दिसेना. पुड्या घेऊन घरी जायचं, पुन्हा त्याच खोलीत पडायचं आणि सांगायचं कुणाला, भिंतीला? तिला स्वतःचाच संताप आला. मेल्यावर ही रीत काय चाटायची आहे?

"मामाजी," ती म्हणाली.

कोण बाई बोलली म्हणून चंपतराव दचकून इकडेतिकडे बघू लागले.

"मी खोटं दाखवलं. खाली दुखून राहिलं. बहुत दुखून राहिलं."

म्हाताऱ्याने मुकाट्याने भिंतीकडे तोंड केलं. जयवंता परत बाकावर आडवी झाली. डॉक्टरांनी उजवीकडे खाली दाबून हात झटकन उचलला, तशी तिची किंकाळी रस्त्यापर्यंत गेली.

"अपेंडिक्स आहे. मोठ्या दवाखान्यात न्या, आजच कापावं लागेल."

चंपतराव अजून भिंतीकडेच बघत होते.

"सूनबाई, आणखी कुठं दुखते का वं? सांग माय. मी ऐकून राहिलो."