फीबलचा दाखला

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीतलं, कोणता शब्द कधी, कोणत्या अर्थाने वापरला याचे दाखले टिपलेल्या कार्डांचं कपाट खिडकीपाशी सरकवायचं ठरलं. "आधी खण रिकामे करू या," मी म्हटलं, तर संपादकसाहेब माझ्यावरच खेकसले. कार्डांचा क्रम बिघडतो म्हणे! मी साधी टायपिस्ट, मला काय कळणार? ढकलायला मात्र टायपिस्ट चालते.

मग मी, शिपाईमामा आणि मुद्रितं तपासणारे काका अशा तिघांनी ते भरलेलं कपाट ढकललं. ते तसूभरही हललं नाही. साहेब लांबून, हाताची घडी घालून म्हणाले, "फीबल आहात सगळे!"

"म्हणजे काय?" मामांनी घाम पुसत विचारलं.

झालं! कपाट राहिलं बाजूला. "फीबल म्हणजे दुबळा. पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ होता, रडणारा किंवा ज्याला बघून रडू यावं असा. फ्रेंचांकडून इंग्रजीत येईपर्यंत त्यातलं रडणं गळालं आणि दुबळेपणा तेवढा उरला."

"कशावरून?"

"पुराव्याशिवाय मी बोलत नाही!" म्हणत साहेबांनी वरचा खण तावातावाने ओढला. अख्खा खण त्यांच्या पायावर आदळला. कार्डं खोलीभर पसरली. साहेब अंगठा धरून मटकन खाली बसले आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

मामांनी पसाऱ्यातून एक कोरं कार्ड शोधलं आणि माझ्यापुढे ठेवलं.

"ताई, आजची तारीख घाला आणि टाइप करा. मूळ अर्थ अजून वापरात आहे."