तळ्यातला झिरा

आमच्या पंचशीलाचं लग्न झालं त्या वर्षी लातूर जिल्हा झाला. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तोवर दोन पावसाळे कोरडे गेले होते. तिचा बाप, माझा थोरला भाऊ केरबा, डोंगरावरच्या आटलेल्या तळ्यात कमरेइतक्या खड्ड्यात उभा राहून पहार चालवत होता.

"केरबा, बस कर," काठावर बसलेला जिलानी म्हणाला. "काळी माती सरली. मुरूम लागून राहिला."

"पोरगी बाळंतीण हाय, जिलानीभाई. लेकराला तुझ्या बिडीच्या धुरानं न्हाऊ घालू का?"

"घाल. आज्यावानी काळं तरी निघंल."

दादा हसला, पण पहार थांबली नाही.

मुरुडच्या वरच्या अंगाला, माथ्यावरच्या खोलगटात ते तळं. त्याला नदी नाही, ओढा नाही. पावसाचं साठेल तेवढंच. खाली सगळा फुटका मुरूम. त्यावर गाळाची चिकण काळी माती बसलेली, म्हणून पाणी धरायचं. हिवाळ्यात बदकं उतरायची, लव्हाळ्यात मरळ सापडायची. पूर्वी आमच्या लोकांना काठाला शिवू देत नसत; आमच्या आईनं जन्मभर वरून ओतलेलं पाणी घेतलं. दुष्काळात मात्र सगळं गाव तळात उतरायचं. घरटी एक झिरा खणायचा, पाझरेल ते वाटीनं भरायचं. काळी माती आहे तोवरच खणायचं, मुरूम दिसला की थांबायचं, ही रीत.

त्या संध्याकाळी दादाच्या झिऱ्यात चहूकडून पाणी आलं. वहिनीनं घागरी भरल्या. लेकरू न्हालं.

सकाळी सगळ्यांचे झिरे कोरडे होते. दादाच्या खड्ड्यात नुसता ओला मुरूम. गावाचं पाणी त्या वाटेनं रातोरात खाली गेलं होतं.

शेजारची सरजाबाई रिकामी घागर घेऊन उभी होती. दादाला वाटलं, आता शिव्या देईल.

"लेकरू बरं हाय न्हवं?" तिनं विचारलं.

"हाय," दादा म्हणाला.

पुढच्या पावसात तळं भरलं आणि दिवाळीच्या आत गेलं. बदकं आली, फिरून निघून गेली. मग दर उन्हाळ्यात दादा टोपल्यानं काळी माती नेऊन त्या भगदाडात चिखल तुडवू लागला. जिलानी सोबतीला जायचा. खाली गावात बोअर झाला, तरी दोघं जातच राहिले.

"काय केरबा, औंदा धरंल का?"

"बघू."

एका साली पाणी संक्रांतीपर्यंत राहिलं. त्यापुढं कधी नाही.

जिलानी १९९० साली वारला. पुढच्या उन्हाळ्यात दादानं एकट्यानं चिखल तुडवला. केरबादादा १९९१ च्या श्रावणात गेला. तेव्हा तळ्यात पाणी होतं.