उपाशी गोचीड

पाणी जिन्याच्या वळणापर्यंत आलं तेव्हा लालासाहेबांनी रेडकाला वर आणून आमच्या स्वयंपाकघरात बांधलं. खुंटी नव्हती, म्हणून दावं गॅसच्या सिलिंडरला अडकवलं. मी काहीतरी म्हणायला हवं होतं, निदान "या, बसा" तरी. पण मला वेळेवर काही सुचत नाही. मी नुसताच बाजूला सरकलो.

"सर, घाबरू नका. शेण मी भरीन," लालासाहेब म्हणाले.

"भरशीला, आन टाकशीला कुठं?" त्यांच्या बायकोनं, अंबूबाईंनी विचारलं. "दारात किस्नामाई बसलीया."

लालासाहेब फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि सांगलीत आमच्या मागच्या गल्लीत म्हशी पाळून राहिले. आमच्याकडे दूध त्यांचंच. त्या दिवशी पहाटे त्यांनी म्हशींची दावी सोडून दिली होती. पोहून जातील तिकडे जातील, एवढंच करण्यासारखं होतं. रेडकाला पोहता आलं नसतं, म्हणून ते आमच्याकडे आलं. आमचं घर गावभागात, खालचा मजला पूर्ण पाण्यात. वर दोन खोल्या आणि एक सज्जा. तिथं आम्ही चौघं होतो: ते दोघं, मी आणि माझी नात ज्ञानदा. वीज नव्हती. सज्ज्यासमोरून बोटी जात, पण त्या आजाऱ्यांना आणि लहान मुलांना नेत होत्या. आमच्याकडे बघून एक जवान ओरडला, "तुम्ही वर आहात ना? मग थांबा." आम्ही थांबलो. दुसरं काय करणार होतो?

ज्ञानदा माझ्या मुलीची मुलगी. संशोधनासाठी माझ्याकडे राहायला आली, त्याला आता तीन वर्षं झाली. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो; विज्ञान मला पुस्तकांच्या पाठीवरच्या क्रमांकांपुरतं माहीत. तरी ती मला सगळं सांगते आणि मी माझ्या परीनं समजून घेतो. जे इथं लिहितो आहे, ते बरोबर लिहितो आहे की नाही, याची मला खात्री नाही.

सजीवांच्या पेशीत जी जनुकांची लांबलचक माळ असते, तिच्यातले काही तुकडे एका जागी बसत नाहीत. ते स्वतःची नक्कल करतात आणि ती नक्कल माळेत दुसरीकडे घुसवतात. अशा एका फिरत्या तुकड्याच्या नकला गायी-म्हशींमध्ये अमाप आहेत. नवल असं, की तोच तुकडा सापात आणि सरड्यातही सापडतो. साप आणि म्हैस यांचं तर काही नातं नाही. मग तो इकडून तिकडे गेला कसा? शास्त्रज्ञांचा संशय गोचिडावर आहे. तो आज सरड्याचं रक्त पितो, उद्या गुराचं.

ज्ञानदाला म्हशींच्या गोचिडांमध्ये हा तुकडा सापडला होता. तिच्या मार्गदर्शक संयोगिता मॅडम यांचं म्हणणं, हा तुकडा म्हशीतून गोचिडात गेला आणि गोचिडाच्या स्वतःच्या जनुकांमध्ये कायमचा बसला. लेख लिहिला गेला, एका परदेशी नियतकालिकानं तो स्वीकारला. मॅडमचं साताऱ्यात व्याख्यान झालं, शाल-श्रीफळ झालं. आमच्या चौकातल्या मंडळानं 'गावभागाची कन्या' म्हणून ज्ञानदाचा फ्लेक्स लावला. त्यावर तिच्या फोटोपेक्षा गोचिडाचा फोटो मोठा होता.

आणि ज्ञानदाला मात्र रात्रंदिवस एकच शंका खात होती. गोचिडाच्या पोटात म्हशीचं रक्त असतंच. सापडलेला तुकडा गोचिडाच्या जनुकांमधला की त्याच्या पोटातल्या जेवणातला?

"तो म्हशीतल्या तुकड्यासारखा अक्षर न् अक्षर आहे, आजोबा," ती मला म्हणाली होती. "पिढ्यान् पिढ्या परक्या घरात राहिलेला माणूस बोली जशीच्या तशी ठेवेल का? थोडी तरी बदलेल ना?"

मॅडमचं उत्तर होतं, की तो नुकताच आला असेल. शिवाय लेखातले गोचीड उपाशी होते. अंगावरून काढलेले नव्हते, गेल्या वर्षी लालासाहेबांच्याच गोठ्याच्या भिंतीच्या भेगांतून काढलेले होते. हे गोचीड वाढताना भेगांत लपून कात टाकतात आणि मग नव्यानं रक्त शोधायला निघतात. त्या आधीच ते पकडलेले. सगळा लेख या एका वाक्यावर उभा होता.

तरीही ज्ञानदानं यंदा बेंदराच्या सणाला लालासाहेबांच्या गोठ्यातून रक्त पिऊन टम्म फुगलेल्या माद्या आणल्या आणि काचेच्या बाटल्यांत ठेवल्या. तोंडाला कापसाचा बोळा, तळाशी ओलसर माती. माद्यांनी अंडी घातली आणि त्या मेल्या. अंड्यांतून जी पिल्लं निघतील, त्यांनी जन्मात कधी रक्त प्यालेलं नसणार. त्यांच्यात तुकडा सापडला तर तो गोचिडाचाच. नाही सापडला, तर लेख खोटा.

पूर आला आणि त्याच दिवसांत अंडी फुटली. बाटल्या माझ्या पुस्तकांच्या कपाटावर होत्या. ज्ञानदा बोळ्याजवळ तोंड नेऊन हळूच श्वास सोडायची. तेवढ्यानं वाळूच्या कणांएवढी ती पिल्लं काचेवरून वर चढायची आणि पुढचे पाय हवेत हलवायला लागायची. श्वास आला म्हणजे जनावर जवळ आलं, असं त्यांना वाटतं. मला ते बघवायचं नाही. आम्हीही बोटीचा आवाज आला की सज्ज्यात जाऊन हात हलवत होतो.

दुपारी संयोगिता मॅडमचा फोन आला. ज्ञानदाच्या फोनमध्ये चार्जिंग थोडंच उरलं होतं.

"सुखरूप आहात ना? आजोबा कसे आहेत?" मॅडमचा आवाज मलाही ऐकू येत होता. "बरं, ऐक. लेखाची अंतिम प्रत आली आहे. उद्यापर्यंत होकार कळवायचा. पहिलं नाव तुझं आहे, तुझ्याच खात्यातून जायला हवा."

"मॅडम, पिल्लं बाहेर आली आहेत. थोडे दिवस थांबलो तर—"

"पुन्हा तेच? भिंतीतले गोचीड होते ते. तूच आणलेस. आणि पुढची फेलोशिप याच लेखावर मागितली आहे, तुझ्यासाठी. माझ्यासाठी नाही." मग जरा मऊ आवाजात, "घाबरली आहेस तू. पाण्यात अडकल्यावर माणसाला सगळंच संशयास्पद वाटतं. होकार पाठव आणि शांत झोप."

फोन ठेवून ज्ञानदा कपाटाशी आली आणि तिनं बाटल्या खाली काढल्या. अंबूबाई रेडकाला माझ्या घरातले पोहे चारून बाहेर आल्या होत्या. त्यांनी बाटलीत डोकावून पाहिलं.

"ह्ये काय गं, मोहरी?"

"गोचिडाची पिल्लं, आजी."

"अगं बया! आवं सर, तुमच्या घरात पुस्तकं हायेत ठावं हुतं. गोचीड कवापास्नं पाळाय लागला?"

"कुत्रं पाळण्यापरास बरं," लालासाहेब आतून म्हणाले. "भुंकत न्हाईत."

"आन खात्यात काय ही?" अंबूबाईंनी विचारलं.

"काही नाही. उपाशीच ठेवायची आहेत. जगतात बरेच दिवस."

"जगत्यात म्हणून उपाशी ठिवायचं?" अंबूबाईंचा चेहरा खरंच उतरला. "गोचीड असला म्हणून काय झालं, दाराच्या आत घेतला न्हवं? गेल्या साली बी तू असंच केलंस. बेंदराआधी गोठा झाडताना भिंतीतलं गोचीड डबीत काढून ठेवा म्हणालीस. म्या ठिवलं. आन तू कुठं आलीस? मॅडमसंगं परगावाला गेलीस."

"दोन दिवस उशीर झाला होता."

"तर! जित्तंच पाहिजेत म्हणालीस, आन डबीत त्यांच्या तोंडात काय घालू मी? माझ्या जिवाला चैन पडंना. शेवटाला तवाच्या रेडकाच्या कानात सोडलं त्यास्नी."

लालासाहेब मोठ्यानं हसले. "आमची ही अशी हाय, सर! फौजेत असती तर आधी दुश्मनाला ताट वाढलं असतं."

ज्ञानदा हसली नाही. "रेडकाच्या कानात?"

"कानात बरं चिकटत्यात. तू यायच्या टायमाला परत काढून डबीत घातलं. एक बी मेला न्हाई." अंबूबाईंच्या आवाजात अभिमान होता.

"ते फुगले नव्हते, आजी. चपटे होते. मी बघितले होते."

"एवढ्यात कुठं फुगत्यात? आधी नुसतं बूड टेकवून बसत्यात. फुगाय आठवडा लागतोय."

ज्ञानदानं हातातली बाटली खाली ठेवली. खाली कसलंतरी लाकूड भिंतीवर आपटत होतं. अंबूबाईंनी ज्ञानदाच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय चुकलं का गं माझं?"

"नाही आजी," ज्ञानदा म्हणाली. "जिवंत ठेवा असं मीच सांगितलं होतं. तुम्ही ठेवलेत."

ती सज्ज्यात गेली. थोड्या वेळानं मी तिच्यामागं गेलो. समोर गल्ली नव्हतीच, सपाट तपकिरी पाणी होतं आणि त्यातून विजेच्या खांबांची डोकी वर आलेली. मला तिला धीर द्यायचा होता. मी जे बोललो, ते धीराचं होतं की भ्याडपणाचं, ते अजून मला ठरवता आलेलं नाही.

"आपण चौघं सोडून हे कोणाला माहीत नाही," मी म्हणालो. "त्या दोघांना तर त्याचा अर्थही कळलेला नाही. लगेच सांगायलाच हवं का? आत्ता होकार दे. पाणी उतरलं की पिल्लं तपास. चूक निघाली तर दुरुस्ती छापतात ना?"

ती माझ्याकडे वळली. "आजोबा, तुम्ही ग्रंथालयात होता. पुस्तकाच्या शेवटी शुद्धिपत्र चिकटवलेलं असतं. ते कोणी वाचलेलं तुम्ही बघितलंय?"

मी आठवून पाहिलं. मी स्वतः चिकटवली होती तेवढीच मला दिसली.

"आणि लेखात लिहिलंय, 'अन्न न घेतलेले'," ती म्हणाली. "ते लिहिलं तेव्हा मला खरं वाटत होतं. आता मला माहीत आहे, ते रेडकाचं रक्त प्याले होते. माहीत असताना होकार कसा देऊ?"

"फेलोशिप जाईल."

"जाईल."

"मग तू काय करशील?"

"मला नाही माहीत," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. तीन वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेलो, पण हात मध्येच थांबला. मग तिनंच तो ओढून घेतला.

फोन तिनं तिथूनच लावला. तो लागायला वेळ लागला. तिनं सगळं सांगितलं, रेडकाच्या कानासकट.

"कोणाच्या सांगण्यावरून?" मॅडम म्हणाल्या. "म्हशीवाल्या म्हातारीच्या?"

"गोचीड तिनंच दिले होते, मॅडम. तेव्हा आपण तिच्यावर विश्वास ठेवला."

"ज्ञानदा, मी शाल घेऊन बसले आहे. लोक मला रस्त्यात थांबवून गोचिडाबद्दल विचारतात. तुमच्या चौकात तुझा फ्लेक्स लागलाय!"

"तो पाण्याखाली आहे."

पलीकडे मॅडमनी खुर्ची मागं ढकलल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "पिल्लं किती आहेत?"

"पुष्कळ. दोन बाटल्या."

"खात्री आहे ना, की ती उपाशी आहेत?"

"माझ्या समोर निघाली आहेत."

"मग ती मरू देऊ नकोस असं म्हणणार होते. पण तिथं फ्रीजही बंद असणार. स्पिरिट आहे?"

"आहे."

"त्यात घाल, मेली तरी जनुकं टिकतील. आणि संपादकांना कळव, की लेख थांबवा. कारण लिही. माझ्या नावानंही लिही." शेवटचं त्यांनी फार घाईनं म्हटलं, मन बदलायच्या आत म्हणावं तसं. त्यांनी फोन ठेवला.

ज्ञानदानं मेल लिहिला. तो जाईना. फोन हातात उंच धरून ती सज्ज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. लालासाहेबांनी त्यांच्या फौजेतल्या सवयीनं तिला कठड्याच्या कोपऱ्यात उभं केलं आणि तिचा दंड धरून ठेवला, म्हणजे तिला बाहेर वाकता येईल. कुठल्यातरी क्षणी मेल गेला. लगेच फोनचा पडदा काळा झाला.

मग तिनं स्पिरिटच्या छोट्या कुप्या काढल्या. बाटलीवर श्वास सोडला. पिल्लं वर आली, पाय हलवू लागली. तिनं बारीक ओल्या कुंचल्यानं ती टिपून घेतली आणि कुपीत सोडली. अंबूबाई पलीकडे उभ्या राहून बघत होत्या.

"पोटात काईच न जाता?"

"म्हणूनच, आजी. तशीच हवीत."

"लय वंगाळ काम तुझं." तरी त्या गेल्या नाहीत. ज्ञानदाला एका हातात कुंचला, दुसऱ्या हातात बाटली सांभाळायची होती, तेव्हा त्यांनीच कुपी धरली. "आन आता ह्यांच्यात तुझं ते न्हाई गावलं तर?"

"तर नाही म्हणून सांगायचं."

"आन गावलं तर?"

ज्ञानदानं क्षणभर विचार केला. त्या दिवसात पहिल्यांदाच तिच्या तोंडावर हसू आलं. "तर मॅडमना फोन करायचा. पण चार्जिंग संपलंय."

"हात्तिच्या," अंबूबाई म्हणाल्या आणि त्यांनी कुपीचं झाकण स्वतःच घट्ट पिळलं. जिन्यावरून लालासाहेबांची हाक आली, की पाणी आणखी एक पायरी चढलंय, रेडकाला जिन्यापासून लांब, पुढच्या खोलीत घ्यायला पाहिजे. मी उठलो आणि सिलिंडरचं दावं सोडायला गेलो.