आसेगावात सिलोन गप्प झालं

मारोतराव पाटलांच्या ओट्यावरचा रेडिओ त्या शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमारास मुका झाला आणि आसेगावात एका बाबाचा जन्म झाला.

तोवर तो बाबा नव्हता. भगवी कफनी घातलेला, कुठून तरी फिरत आलेला एक दांडगा माणूस होता आणि दोन दिवसांपासून पाटलांच्या भाकरी मोडत ओट्यावर पडून होता. बहात्तर सालचा ऑगस्ट, तारीख चार. पावसानं ओढ दिलेली. शेतात हात घालण्यासारखं काही नाही, म्हणून वीस-पंचवीस गडी ओट्यापुढच्या निंबाखाली पोळ्यासाठी अंबाडीचे दोर वळत रेडिओ सिलोनची गाणी ऐकत बसले होते. त्या गाण्यांनी झोप मोडली म्हणून कफनीवाला उठला आणि रेडिओसमोर हात नाचवून गरजला, "चूप! सूर्यनारायणाची आण हाय तुले!"

रेडिओ चूप झाला.

गाणं आधी विरलं, मग बुडालं. नेहमीची खरखरसुद्धा उरली नाही. मारोतरावांनी बटण इकडे फिरवलं, तिकडे फिरवलं. काही नाही. निंबाखालचे हात दोरावरच थबकले.

"आता माय!" देवमन म्हातारा म्हणाला. "यानं तं सिलोनचा गळाच दाबला."

खरं तर सगळ्यात आधी दचकला होता तो कफनीवालाच. पण असली माणसं फार वेळ दचकत नाहीत. त्यानं डोळे मिटले, एक पाय उचलला आणि एका पायावर उभा राहिला. दिवस कलल्यावर सिलोन पुन्हा गाऊ लागलं, तेव्हा ते बाबाच्या परवानगीनंच गातंय याबद्दल गावात कोणाला शंका उरली नव्हती. त्याचं नाव पडलं सूर्यमौनी बाबा. नाव मौनी, आणि तोंड चालायचं जात्यासारखं.

त्याच दुपारी गावाच्या दुसऱ्या टोकाला, हायस्कूलच्या शिक्षकखोलीत, ललिताबाई तायड्यांचा छोटा ट्रान्झिस्टरही चूप झाला होता. तिथे कोणी आण घातली नव्हती.

ललिताबाई विज्ञान शिकवत. त्यांनी काटा फिरवून पाहिला. शॉर्टवेव्हवर सगळीकडे शुकशुकाट, मीडियमवेव्हवर नागपूर मात्र ठणठणीत. त्यांनी वहीत वेळ लिहिली : अकरा बावन्न. त्याच पानावर सकाळचं चित्र होतं. शाळेच्या जुन्या दुर्बिणीतून सूर्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडून त्या रोज त्यावरचे डाग गिरवत. चार दिवसांपासून डागांचा एक मोठा गुंता बिंबाच्या मधोमध सरकत आला होता.

डाग त्यांच्या जुन्या ओळखीचे होते. नागपूरला एम. एस्सी. झाल्यावर दोन वर्षं त्या एका संशोधन संस्थेत आकडेमोडीच्या कामावर होत्या. खोलीभर पसरलेलं गणितयंत्र आणि भोकं पाडलेल्या पत्त्यांचे गठ्ठे. सूर्याच्या वातावरणाचा एक तुकडा चौकटींत कापायचा, दर चौकटीत वायू किती तापलाय, चुंबकाचा जोर किती आणि कोणीकडे, ते आकडे भरायचे आणि पुढच्या क्षणी काय होईल ते यंत्राकडून काढून घ्यायचं. मग त्याच्या पुढच्या क्षणी. असा सूर्य कागदावर चालवायचा. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा ते काम सोडून त्या आसेगावी परतल्या होत्या.

श्रावण लागला तशी पाटलांच्या ओट्यावर दर रविवारी जत्रा भरू लागली. मंगरूळपीरहून जीपा भरून माणसं येत. बाबानं मांडामांड केली. भिंतीवरून रेडिओपर्यंत उतरणाऱ्या एरियलच्या तारेला रुईच्या फुलांची जाड माळ गुंडाळली. रुई सूर्याची म्हणून. तारेखाली, ओट्याला लागून, जमिनीत लोखंडी त्रिशूळ रोवला आणि त्याच्या बुडाशी मिठाच्या पाण्याचं अर्घ्य सोडायला लावलं.

"सात घोडे, बारा लगाम, एक चाबूक," तो ओरडे, "अन् चाबूक माह्या हाती! मी म्हणीन तं सिलोन गाईन, मी म्हणीन तं सिलोन मरीन!" एक हात त्रिशुळावर, दुसरा आभाळाकडे. बारा वाजले की रेडिओ मरे. बाया हात जोडत. तांदळाच्या राशी पडत.

श्रावणातल्या दुसऱ्या रविवारी ललिताबाई आपल्या घरी ट्रान्झिस्टर लावून बसल्या. बारा वाजता पाटलांच्या ओट्याकडून "सूर्यमौनी बाबा की जय!" असा कल्लोळ उठला. म्हणजे सिलोन मेलं. आणि ललिताबाईंच्या मांडीवर तेच सिलोन खुशाल गात होतं.

म्हणजे त्या शुक्रवारी सूर्य होता. आता माणूस आहे.

एवढं कळलं, पण कसं ते कळलं नव्हतं. घाई करण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. पण सोमवारी वर्गात फळ्यावरचं उतरवून घेताना नववीतल्या रुख्मिणीनं कोंबडीसारखी मान तिरपी केली आणि घाई करणं भाग पडलं.

"सरळ बघ, रुख्मिणी."

"सरळ पायलं तं दिसत नाही, बाई. मधात काळा ठिपका येते. तिरपं पायलं तं दिसते."

"कधीपासून?"

पोरीनं वहीत डोकं घातलं. शेजारची म्हणाली, "काल बाबानं तिले सूर्याकडे पाहाले लावलं, बाई. शंभर आकडे मोजेस्तोवर."

ललिताबाई तडक तिच्या घरी गेल्या. भागिरथा, रुख्मिणीची आई, नवरा गेल्यापासून तीन एकर एकटीनं करत होती.

"बाई, पोरीची सिंह रास हाय," ती म्हणाली. "सूर्याची रास. बाबा म्हणते, येत्या रविवारी तिनं पुरी एक घटका पापणी न लवता पायलं का सूर्याचा राग शांत होते अन् पानी पडते. तो ठिपका म्हंजे सूर्याचा ठसा हाय."

"तो डोळ्याच्या पडद्यावरचा भाजल्याचा डाग हाय, भागिरथाबाई. भिंगानं कागद जळते तसा. शंभर आकड्यांत ठिपका पडला. घटका म्हंजे चोवीस मिनिटं. पोरगी आंधळी होईन."

 भागिरथा नजर चुकवून म्हणाली, "तुमच्या बौद्धांत देव नाही, बाई. तुमचं बरं हाय. आमाले समदं गाव इचारीन, पानी काहून नाही पडलं म्हणून."

तिथून ललिताबाई निंबाखाली गेल्या. दोर वळणं चालूच होतं. देवमन म्हातारा पीळ देत होता, टोकाला गोविंदा बसला होता. गोविंदा म्हणजे बाबाचा नवाकोरा चेला, कालपर्यंत पाटलांच्या गोठ्यात असायचा.

"देवमनबुवा, दोराले जास्त पीळ दिला तं काय होते?"

"आढी पडते. मंग असा झटका मारते का तळव्याची सालटं निघतात."

"सूर्यावर तेच होते. सूर्य म्हंजे खदखदता वायू. त्याचं पोट भरभर फिरते, डोकं-पाय हळू. त्यानं चुंबकाच्या रेषांले पीळ बसत जाते. असे दोन दोर आमनेसामने आले का मधातच तुटतात अन् याचं टोक त्याले, त्याचं याले जुडते. समदा ताण एकदम सुटते. वायू कोटी-दोन कोटी अंशांनी तापते, धक्क्याची लाट निघते. आठ मिनिटांत त्याच्या किरणांचा मारा इथं. वरच्या हवेतला एक थर मंग सिलोनच्या लहरी गिळून टाकते. नागपूर जमिनीजवळून येते, म्हणून ते वाचते. त्या शुक्रवारी तेच झालं. माहा ट्रान्झिस्टरही बंद पडला होता, अन् बाबा काही शाळेत आला नव्हता."

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात," देवमन विचार करत म्हणाला.

"तिथं उलटं हाय. पीळच जळते."

गोविंदा खी खी हसला. "हे समदं तुमच्या त्या मशीननं सांगतलं काय, बाई?"

ललिताबाईंना खोटं बोलता येत नसे. "समदं नाही. आमच्या गणितात ते तुटणं-जुडणं व्हाले महिने लागत. सूर्य ते मिनिटांत करते. धक्क्याच्या लाटा गणितात धरल्या तं उत्तर जवळ येते. पण इतकं भरभर कसं होते, ते पुरतं कोणालेच माहीत नाही अजून."

"ऐका हो, ऐका!" गोविंदानं टाळी वाजवली. "बाईले माहीत नाही! अन् बाबाले माहीत हाय!"

निंबाखाली हशा पिकला. ओट्यावरून मारोतराव म्हणाले, "बाई, शाळा समितीत मी हावो, हे ध्यानात ठेवा. गावाच्या देवकार्यात पाय घालू नका."

ललिताबाई उभ्या राहिल्या. आवाज चढला नाही. "हो, माहीत नाही. अन् मले जे माहीत नाही, त्यासाठी मी कोणाच्या पोरीचे डोळे मागत नाही. तुमी मागून राह्यले. रविवारी मी येते."

रविवारी आभाळ निरभ्र होतं. एवढी गर्दी आसेगावानं पाहिली नव्हती. ओट्याच्या कडेला पाट मांडून रुख्मिणीला बसवलं होतं, नवं पिवळं पातळ नेसवून. भागिरथा मागे उभी होती, हात जोडलेले, ओठ पांढरे. रेडिओ गात होता. बाबानं त्रिशुळाला हात घातला.

"चूप!"

रेडिओ चूप. जयजयकार झाला.

"पोरी, मान वर! पाह्य आता सूर्याकडे. सरळ!"

तेवढ्यात गर्दीच्या मधोमध गाणं सुरू झालं. तेच गाणं, पुढच्या ओळीपासून. ललिताबाईंनी पिशवीतून ट्रान्झिस्टर काढून आवाज पुरता मोठा केला होता आणि तो डोक्यावर धरून त्या ओट्याकडे चालत होत्या. माणसं आपोआप बाजूला होत गेली.

"सिलोन मेलं म्हणता ना, बाबा? मंग हे कोण गाऊन राह्यलं?"

बाबानं क्षणभर दातओठ खाल्ले आणि मग हसला. "अरे, सूर्यनारायण हत्तीची शिकार करते, मुंगीची नाही! हे खेळणं हाय बाईचं. पोरी, तू वर पाह्य!"

काही लोक हसले. ललिताबाई ओट्यावर चढल्या आणि रुख्मिणीच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. त्यांची सावली तिच्या चेहऱ्यावर पडली.

"हटा, बाई!" मारोतराव ओरडले.

"नाही हटत."

सावलीत बसलेल्या रुख्मिणीनं मान तिरपी केली. सवयीनं. आणि म्हणाली, "बाई, बाबानं त्रिशूळ वाकवला. त्याचं टोक माळेले टेकलं, तवाच रेडिओ गेला. मले काठानं दिसलं."

"पोट्टी भ्रमली!" बाबा म्हणाला, पण त्याचा हात त्रिशुळावरून निसटला. लोखंड जरा मागे सरलं. आणि पाटलांचा मोठा रेडिओ खाकरून पुन्हा गाऊ लागला.

आता कोणी हसलं नाही.

"देवमनबुवा," ललिताबाई म्हणाल्या, "तुमच्या हाताले पीळ कळते. या माळेत काय हाय, पाहा बरं."

"माळेले शिवू नका! भस्म व्हाल!" बाबा किंचाळला.

देवमन पायरी चढून आला. "साठ पोळे झाले, बावा. आता भस्म व्हाले राह्यलंच काय?" त्यानं माळ चिमटीत धरली आणि दोर तपासावा तशी वरून खाली बोटं फिरवली. सुकलेली फुलं गळत गेली. बोटं एका जागी थांबली. "हा अंबाडीचा पीळ नाही," तो म्हणाला. "तांब्याचा हाय."

ललिताबाईंनी उरलेली फुलं ओरबाडली. एरियलच्या तारेवरचं रबर बोटभर खरवडून तिला पातळ उघडी तार जोडली होती आणि ती माळेतून त्रिशुळाच्या टोकापर्यंत आणून सोडली होती.

"मोठ्या रेडिओले सिलोन या तारेतून येते. त्रिशूळ तारेले टेकला का आवाज रेडिओत न जाता लोखंडातून जमिनीत उतरते. जमीन ओली पाह्यजे, म्हणून मिठाच्या पाण्याचं अर्घ्य. माह्या ट्रान्झिस्टरचा एरियल वेगळा, म्हणून तो गाते. झालं. घोडे नाहीत, लगाम नाहीत." त्यांनी देवमनचा हात त्रिशुळावर ठेवला. "करा तुमी."

देवमननं त्रिशूळ टेकवला. "चूप!" रेडिओ चूप. काढला. "गाय!" रेडिओ गायला. पुन्हा टेकवला, पुन्हा काढला. पोरं चेकाळून ओरडू लागली, "देवमनबाबा की जय!" म्हाताऱ्यानं त्यांना एक सणसणीत शिवी हासडली आणि त्रिशूळ उपटून खाली टाकला.

त्या गोंगाटात बाबा ओट्याच्या मागच्या बाजूनं उतरला. गोविंदानं कफनी धरली, तर कफनी त्याच्या हातात राहिली. आत पट्ट्यापट्ट्यांची चड्डी होती. रिसोडकडे जाणाऱ्या एस.टी.च्या कंडक्टरनं, अंगावर भगवं नाही म्हणून, त्याचं पूर्ण तिकीट फाडलं असं नंतर कळलं.

भागिरथा मात्र कोणाकडेच पाहत नव्हती. तिनं आपला पदर पुढे ओढून लेकीच्या दोन्ही डोळ्यांवर धरला होता, आणि ऊन सरेपर्यंत तो हटवला नाही.

अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की डाग हळूहळू आटेल, पण पुरता जाईलच असं नाही. तो ज्वारीच्या दाण्याएवढा उरला. रुख्मिणी आजही पुस्तक वाचताना मान किंचित तिरपी करते. पण पोळा झाल्यापासून रोज सकाळी ती शाळेच्या अंगणात सूर्याकडे पाठ करून बसू लागली आणि दुर्बिणीतून कागदावर पडलेल्या बिंबावरचे डाग पेन्सिलीनं गिरवू लागली. वहीच्या पहिल्या पानावर तिनं स्वतःच लिहून ठेवलंय : "सूर्य पाहायचा तर पाठ करून पाहावा."

पाऊस त्या वर्षी पडला नाही. बाबा असता तरी पडला नसता.

सूर्यावर दोर का तुटतात हे थोडं कळलं आहे. इतक्या झपाट्यानं का तुटतात हे शोधणारे शोधत आहेत. तोवर "माहीत नाही" म्हणायला लाजू नका. लाज वाटायला हवी ती दुसऱ्या गोष्टीची : आपल्याला माहीत नाही त्या रिकाम्या जागेत कोणी पाट मांडतो, त्यावर आपली पोर बसवतो, आणि आपण हात जोडून उभे राहतो.