कोरड्या फरशीवरचं पाणी

मित्रांनो, मान वर करून मला शोधू नका, मी सापडणार नाही. वृद्धनिवासाच्या लांब पॅसेजमध्ये छताखाली एक पांढरी पट्टी आहे. तिच्याआड छताकडे तोंड करून बसलेली जुनी ट्यूबलाइट म्हणजे मी. पण पूर्वी मी अशी लपून बसणाऱ्यांतली नव्हते बरं का.

माझा जन्म कारखान्यात झाला. काचेच्या नळीला आतून पांढरी पूड लावली, दोन्ही टोकांना टोप्या बसवल्या आणि मला तपासणीच्या टेबलावर ठेवलं. मी पेटले तशी तपासणाऱ्या बाईंनी डोळ्यांवर हात धरला. "अगं बाई, केवढी चमकते ही," त्या म्हणाल्या. हे कौतुकच, असं मी धरून चालले. त्यांनी डोळे का झाकले, हा विचार मनातही आला नाही. उशिरा समजणाऱ्याला लोक ट्यूबलाइट म्हणतात, ते काही उगाच नाही.

मग मी या पॅसेजमध्ये आले. इथे खिडकी नाही, म्हणून माझी ड्यूटी सकाळपासूनच सुरू व्हायची. एका टोकाला खोल्या आणि दुसऱ्या टोकाला जेवणघर. साफसफाई करणाऱ्या मावशींचं आणि माझं छान जमायचं. त्या फरशीला पॉलिश लावून घासघास घासायच्या आणि मी तिच्यात माझं रूप न्याहाळायचे. मॅनेजरबाई पाहुण्यांना कौतुकाने म्हणायच्या, "बघा, आमच्याकडे कसं लख्ख असतं." मी अगदी हवेत असायचे.

तिसऱ्या खोलीत एक आजी-आजोबा राहायचे. आजोबांनी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले होते, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. दुपारी चार वाजता दोघं चहाला जेवणघरात जायची. वाटेत जो भेटेल त्याची शिवण मास्तर तपासायचे आणि नावं ठेवायचे. लोक मुद्दाम शर्ट पुढे करायचे.

एके दिवशी मास्तर दारातच थबकले. "पाणी सांडलंय," ते म्हणाले.

मावशींनी वाकून फरशीवर हात फिरवला. "खडखडीत कोरडी आहे हो, मास्तर."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कुणीतरी हसलं. तिसऱ्या दिवशी मास्तर पाण्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले आणि मागे फिरले. तेव्हापासून आजी एकट्याच जायच्या आणि येताना कपावर बशी झाकून त्यांचा चहा आणायच्या.

मावशींना वाईट वाटलं. वाट छान दिसली तर मास्तरांना चालावंसं वाटेल, म्हणून त्या आणखी पॉलिश लावू लागल्या. मॅनेजरबाईंना वाटलं, उजेड कमी पडतोय. त्यांनी माझ्या शेजारी आणखी दोन ट्यूब लावल्या. आम्ही सगळ्यांनी मिळून आगीत तेलच ओतलं.

शेवटी ठरलं की मास्तर चालत नाहीत, तर त्यांना सोमवारी वरच्या मजल्यावर न्यायचं. तिथे अंथरुणाला खिळलेली माणसं असतात आणि खोलीत एकच पलंग असतो. आजी खालीच राहणार होत्या. त्या मास्तरांचे शर्ट घडी घालून बॅगेत ठेवू लागल्या. दार उघडंच होतं.

"मला ते पाणी अजून दिसतं गं," मास्तर हळूच म्हणाले. "डोकं गेलं की काय माझं?"

"गेलं तर गेलं. दोघं मिळून शोधू," आजी म्हणाल्या. पण शर्टाची घडी त्यांना तीनदा घालावी लागली. मला फार वाईट वाटलं.

शनिवारी एक ताई आल्या. दवाखान्यांत आणि अशा निवासांत दिवे कुठे नि कसे लावायचे, हे ठरवणं त्यांचं काम. मॅनेजरबाईंनी त्यांना आणखी दिवे लावायला बोलावलं होतं. ताईंनी मात्र आधी एका रिकाम्या पलंगावर आडवं होऊन छताकडे पाहिलं. मग चाकाच्या खुर्चीत बसून मावशींना ढकलायला लावलं. मावशींना वाटलं, ताईंना बरं नाही. मग ताईंनी पर्समधून एक जुना चष्मा काढला, काचांना चक्क कोल्ड क्रीम फासलं आणि तो घालून मास्तरांच्या दाराशी उभ्या राहिल्या. एक पाऊल उचललं आणि थबकल्या.

"मावशी, इथे पाणी कुणी सांडलं?"

आतून काठीचा आवाज आला. मास्तर दारात उभे होते. "तुम्हालाही दिसतं?"

"हो ना आजोबा. इथपासून पार तिथवर. ट्यूबचा उजेड पडलाय फरशीवर. वय झालं की डोळ्यांत उजेड पसरतो, आणि चकचकीत फरशी ओली वाटते."

मास्तरांनी आजींकडे पाहिलं. "म्हणजे डोकं जागेवर आहे."

"ते मला माहीत होतं," आजी म्हणाल्या. "गुडघ्यांचं तेवढं खोटं बोललात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या झगमगाटाचा मला एवढा तोरा होता, त्यानेच त्यांची वाट अडवली होती.

रविवारी वायरमनने जादा ट्यूब काढल्या, माझं तोंड छताकडे फिरवलं आणि खाली पट्टी लावली. वर्गात खोड्या काढणाऱ्याला भिंतीकडे तोंड करून उभं करतात, अगदी तसं. त्याआधी शनिवारीच ताईंनी पॉलिश बंद करायला सांगितलं, तेव्हा मावशी फुरंगटून बसल्या. ताईंनी तो चष्मा त्यांच्या हातात दिला. मावशींनी तो घालून फरशीकडे पाहिलं. मग आपणहून सगळं पॉलिश पुसून काढलं आणि डबा कोठीत नेऊन ठेवला. माझा उजेड आता छतावरून सगळीकडे सारखा, मऊ उतरू लागला.

सोमवार उजाडला. बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. चार वाजले. मला छताशिवाय काही दिसत नव्हतं, म्हणून मी नुसती ऐकत राहिले. काठीची टकटक. चपलांचा आवाज. एक पाऊल, दुसरं पाऊल. नेमक्या त्या जागी सगळं थांबलं. मग पुन्हा काठी वाजली आणि वाजतच गेली.

जेवणघराच्या बाजूने मास्तरांचा आवाज आला. "मावशी, हा ॲप्रन कुणी शिवला? खिशाचा टाका सुटलाय."

"मग शिवून द्या की," मावशी म्हणाल्या.

आनंदाने मी दोनदा लुकलुकले. उरलंसुरलं काम करायला आलेला वायरमन म्हणाला, स्टार्टर गेला असेल.

बॅग त्याच संध्याकाळी रिकामी झाली.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी म्हातारं माणूस असेल. एकदा त्यांच्या खुर्चीत बसा, त्यांच्या पलंगावर आडवे व्हा आणि तिथून आपल्या घरातले दिवे बघा. त्यांना भलतंच काही दिसलं, तर हसू नका. ते जिथे उभे आहेत तिथे जाऊन आधी बघा. मला एवढं कळायला फार वर्षं लागली.

आता माझं रूप कुणाला दिसत नाही, आणि मलाही पॅसेज दिसत नाही. पण चार वाजले की खालून चपलांचे दोन जोड जातात, आणि मी ते रोज मोजते.