चिप काढायची नाही

माझं काम भोक पाडायचं, असं मेंदूत बसवायची चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साहेबानं मला तोंडावर सांगितलं होतं. ‘‘डॉक्टर, डिझाइनचं आम्ही बघतो. तुम्ही फक्त कवटीला भोक पाडा, चिपच्या तारा बसवा, टाके घाला.’’ म्हणजे मी न्यूरोसर्जन कसली, भिंतीत खिळा ठोकायला बोलावलेली बाई! तरी मी बजावलं होतं, मेंदू या तारांना आतून धरून बसतो, उद्या काढायची वेळ आली तर कशा काढणार, त्याचा आत्ताच विचार करा. ‘‘ते नंतर बघू,’’ म्हणाला आणि चहा मागवला.

ती चिप मी एका सलूनवाल्याच्या डोक्यात बसवली. जन्मभर गिऱ्हाइकांशी गप्पा हाणणारा माणूस. मेंदूत गुठळी अडकली आणि हातपाय गेले, वाचा गेली, उरल्या फक्त पापण्या. चिप बसल्यावर तो मनात बोलायचा आणि शब्द पडद्यावर उमटायचे. त्याचं पहिलं वाक्य अख्ख्या वॉर्डानं वाचलं: ‘मॅडम, माझं डोकं कुणी भादरलं? त्याला मी दुकानात झाडू मारायलाही ठेवला नसता.’ भादरलं मीच होतं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

घरी गेल्यावर बायकोशी रोज भांडायला लागला. ती मला म्हणायची, ‘‘डॉक्टरताई, हे गप्प होते तेव्हा घर खायला उठायचं. आता कटकट करतात, बरं वाटतं.’’

आणि मग साहेब पुन्हा उगवला. नवी चिप तयार आहे म्हणे, जुनी काढून द्या. आत राहून तिचं काय झालं ते इंजिनिअरांना तपासायचंय.

‘‘ओढून काढताना रक्तस्राव झाला तर त्याच्या पापण्याही जातील,’’ मी म्हटलं.

‘‘थोडी रिस्क असतेच.’’

‘‘कुणाची? तुमची?’’

माझं टाळकंच सरकलं. ‘‘डोकं म्हणजे काय मोबाईलचं झाकण वाटलं का तुम्हाला? उघडलं, जुनं काढलं, नवं टाकलं?’’

त्याच्या कपाळावर आठीसुद्धा नाही. ‘‘नसेल काढायची तर राहू द्या. पण जुन्या चिपचे शब्द पडद्यावर आणणारा सर्व्हर आम्ही बंद करणार. कंपनीचं धोरण आहे.’’

मी तडक सलूनवाल्याच्या घरी गेले आणि दोघांना सगळं स्पष्ट सांगितलं. पडद्यावर आलं, ‘तुम्ही काय म्हणता?’

‘‘काढू नका. पापण्या गेल्या तर तुमच्याकडे काहीच उरणार नाही. सर्व्हरसाठी मी भांडते.’’

‘भांडायचंय तर हिला घेऊन जा.’

‘‘गप्प बसा हो!’’ बायको म्हणाली.

भांडले मी. हॉस्पिटलच्या प्रमुखांकडे गेले, समितीपुढे गेले, साहेबाच्या साहेबाला फोन केले. जो तो म्हणे, ‘तुमचं अगदी बरोबर आहे, पण आमच्या हातात नाही.’ इतके हात, आणि मेल्यांच्या एकाही हातात काही नाही! तो माणूस माझ्या शब्दावर विसंबला होता, आणि मी दारोदार फिरून हात हलवत परत येत होते.

एका दुपारी सलूनवाल्याच्या घरी बसले होते. दुकान मेव्हण्याला चालवायला द्यायचं की नाही, यावरून नवराबायकोची जुंपली होती. बोलता बोलता ती रडायला लागली. मग शब्द आले: ‘ऐक. तुला हे कधी सांगितलं नाही. त्या वर्षी तू माहेरी निघून गेलीस, तेव्हा मी’

आणि पडदा काळा झाला.

वायरी तपासल्या, सगळं बंद करून पुन्हा चालू केलं, काही नाही. कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, ‘‘हो मॅडम, आज बंद करायचं ठरलंच होतं.’’

‘‘अगं, माणूस बोलत होता!’’ मी ओरडले.

‘‘कोण बोलतंय ते आम्हाला इकडून दिसत नाही, मॅडम.’’

बायकोनं माझा हात धरला. ‘‘तेव्हा मी... पुढे काय? डॉक्टरताई, तुम्ही यांचं डोकं उघडून बघितलंय. सांगा ना.’’

डोकं उघडलं म्हणून आतलं वाक्य थोडंच दिसतं!

तिनं डोळे पुसले आणि त्याच्या तोंडाशी वाकून एकेक अक्षर म्हणायला सुरुवात केली. ‘‘क... ख... ग... हवं ते अक्षर आलं की पापणी हलवा हं.’’

त्यानं डोळे गच्च मिटून घेतले. ती ज्ञपर्यंत पोचली, तरी उघडले नाहीत.