एवढंच लिही

"टायर फुटला, एवढंच लिही, ताई," धाकटी म्हणाली आणि माझ्या टेबलाच्या कडेला टेकली. दोन्ही हात तिने मांड्यांखाली दाबून धरले.

खिडकीतून विमान दिसत होतं. धावपट्टीलगतच्या गवतात नाक खुपसून बसलेलं. उतरताना आडवा वारा आला, विमान आपटलं आणि पुढचं चाक मुडपलं. आत ती एकटीच होती, तिला साधं खरचटलंही नव्हतं. मी देवाचे आभार मानले. पण त्याच्या पाठोपाठ मनात आलं, हिलाही चुकता येतं तर.

विमान चालवायला शिकवणाऱ्या या संस्थेत मी चौदा वर्षं कारकून आहे. खरं तर आले होते शिकायला. वैद्यकीय तपासणीत डाव्या कानाने कमी ऐकू येतं असं निघालं आणि मी टेबलामागे बसले. पुढे धाकटी माझ्याच पुस्तकांवर शिकली, समासातल्या माझ्या पेन्सिलीच्या खुणांसकट. वारा, ढग, नियम, सगळं मीच तिच्याकडून घोकून घेतलं. आता पाहुणे आले की आई तिला पुढे करते, "ही आमची वैमानिक." मग माझ्याकडे वळून, "हीसुद्धा तिथेच असते."

सोमवारी तिची मोठ्या विमान कंपनीत मुलाखत होती.

नियम मला पाठ होते. टायर फुटला, चाक मोडलं, प्रॉपेलरचं टोक वाकलं, तर आपल्या वहीतली नोंद पुरते. पण विमानाच्या सांगाड्याला मार बसला, तर चौकशी कार्यालयाला ताबडतोब फोन करायचा आणि त्यांची माणसं येईपर्यंत विमानाला हात लावायचा नाही. मुख्य प्रशिक्षक रजेवर होते. म्हणजे ठरवायचं मीच.

मी म्हाताऱ्या मेकॅनिकला घेऊन गवतात गेले. तो गुडघ्यांवर बसला, पत्र्यावरून तळवा फिरवला आणि एका जागी थांबला. इंजिनामागच्या भिंतीला दोन सुरकुत्या पडल्या होत्या. ही भिंत सांगाड्याचाच भाग, इंजिन तिच्यावरच टांगलेलं असतं, हे त्याने मला सांगायची गरज नव्हती.

"तुमची सख्खी बहीण आहे," तो खाली बघत म्हणाला. "मी काही पाहिलं नाही. काम मात्र चोख करून देईन."

त्याचं काम चोखच असतं. विमान पुन्हा ठणठणीत उडालं असतं आणि कुणाला पत्ताही लागला नसता.

परत आले तेव्हा धाकटी माझ्या खुर्चीत बसली होती. माझ्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळलं. आता ती टायरबद्दल काही बोलली नाही. सोमवार तेवढा जाऊ दे, मंगळवारी खुशाल कळव, असं म्हणाली. गेल्या वर्षी इथल्या एका प्रशिक्षकाचं विमान कुंपणात घुसून पंख वाकला होता. त्याच्या मुलीचं लग्न तोंडावर होतं, म्हणून मी कळवायची दोन दिवस थांबले होते. तेही तिने काढलं.

खोटं नव्हतं. थांबले होते मी.

"ऊठ," मी म्हणाले. "फोन करायचाय."

ती उठली. मी नंबर फिरवला. विमानाचा क्रमांक, वेळ, वाऱ्याचा जोर, वैमानिकाचं नाव, सगळं न अडखळता सांगितलं. माझा आवाज इतका मोकळा लागला होता, की माझा मलाच परका वाटला.

दोन अधिकारी आले. त्यांनी मापं घेतली, फोटो काढले. जाताना एकजण म्हणाला, असं वेळेवर कळवणारी माणसं फार कमी. मी मान खाली घातली. त्याला वाटलं असेल, बाई लाजली. चौकशी संपेपर्यंत धाकटीचं उड्डाण बंद झालं. मुलाखत गेली.

घरी ती आदळआपट करेल असं वाटलं होतं. तिने शांतपणे जेवण केलं, ताट घासलं, आणि पाठमोरीच म्हणाली, "तू नियमानेच केलंस. मला एवढंच सांग, फोन करताना बरं वाटलं ना तुला?"

नाही म्हणता आलं असतं.

"हो," मी म्हणाले.

तिने नळ बंद केला, हात पुसले आणि आत गेली.

दोन महिन्यांनी तिला पुन्हा उडायची परवानगी मिळाली. त्या सकाळी मी उठले तेव्हा ती तिचा पांढरा शर्ट इस्त्री करत होती. आजवर त्याची इस्त्री मीच करत आले होते. खांद्यावरच्या पट्ट्यांपाशी तिला जमत नव्हतं. चुण्या पडत होत्या, ती पाणी शिंपडून पुन्हा इस्त्री फिरवत होती. मी दारात उभी होते. तिने वर पाहिलं, चुण्यांसकट शर्ट अंगात घातला आणि गळ्यापर्यंत बटणं लावली.